परक्या मैदानाचा न्याय

दिवाळीच्या सुमारास भातकापणी उरकत येते, खळी चोपून सारवून होतात, आणि आमच्या शहापूर-मुरबाडकडे कबड्डीचे दिवस सुरू होतात. कुठे शाळेच्या पटांगणात, कुठे कापणी झालेल्या शेतात ढेकळे फोडून, पाणी शिंपून जमीन धरली जाते. तिच्यावर चुन्याची फक्की पडते आणि रात्रीच्या दिव्यांखाली सामने रंगतात. परंतु सामना हा या खेळाचा निम्माच भाग झाला. उरलेला निम्मा त्याच्या आदल्या रात्री मारुतीच्या पारावर खेळला जातो. त्यातून संघ परगावी जायचा असला, तर मग विचारूच नका! मैदानात उतरणारे सात कोण, राखीव पाच कोण, डाव्या कोपऱ्यात कोणाला उभे करायचे, पहिली चढाई कोणी करायची, याचा खल मध्यरात्र उलटली तरी संपत नाही. ज्यांनी उभ्या जन्मात मधली रेषा ओलांडली नाही, असे गृहस्थ त्यात सर्वांत पुढे असतात.

अलीकडे या वादात एका नव्या पाहुण्याची भर पडली आहे. तो पाहुणा म्हणजे मॅट. पूर्वी परगावी जायचे म्हणजे दुसऱ्या मातीवर जायचे, एवढाच अर्थ होता. कोणाची जमीन मुरमाड, कोणाची भुसभुशीत, कोणाची दगडासारखी. आता कल्याण-ठाण्याच्या बाजूला सामना असला, की पहिला प्रश्न येतो, "माती की मॅट?" आणि उत्तर ‘मॅट’ असे आले, की पारावर दोन तट पडतात. एक तट म्हणतो, खेळ तो खेळ, पायाखाली काय आहे याला महत्त्व नाही. दुसरा म्हणतो, पायाखालचे बदलले की खेळच बदलला. मला या वादात नेहमी कबड्डीपेक्षा काही अधिक ऐकू येते. न्याय म्हणजे काय, हाच जुना प्रश्न ही मंडळी आपल्या भाषेत विचारीत असतात.

प्रथम मॅटची बाजू पाहू, कारण ती वाटते तितकी लेचीपेची नाही. मातीत खेळणाऱ्या पोरांचे गुडघे आणि कोपरे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना मॅटचा पहिला गुण सांगावा लागत नाही. शिवाय मॅट सर्वत्र सारखी असते. तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असे पुरुषांचे मैदान मॅटवर आखले, की ते बीजिंगला असो वा बदलापूरला, पायाला एकच स्पर्श होणार. यजमान गावाने मुद्दाम पाणी जास्त शिंपले, खडे वेचलेच नाहीत, या तक्रारींना तिथे थारा नाही. 1990 साली बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डीचा समावेश झाला. खेळ जगात न्यायचा तर प्रत्येक देशात आमच्यासारखी माती कुठून मिळणार? 2014 साली व्यावसायिक कबड्डीची लीग सुरू झाली आणि मॅटवरचा तो झगमगाट घरोघरी दिसू लागला. समान मैदान, समान नियम. यापेक्षा मोठा न्याय कोणता, असे पहिला तट विचारतो.

पण ही समता नीट निरखून पाहिली पाहिजे. मैदान दोघांना सारखे आहे. मैदानाची सवय दोघांना सारखी आहे काय? मॅटची किंमत लाखांत मोजावी लागते. ती ज्यांच्याकडे आहे ते रोज संध्याकाळी तिच्यावर सराव करतात, आणि आमच्या पोराचा पाय तिला प्रथम लागतो तो थेट सामन्याच्या शिट्टीबरोबर. मातीवर थोडे घसरून गडी चढाईतून सुटतो. मॅटवर बुटाचा तळ धरून ठेवतो आणि गुडघ्याला हिसका बसतो. बूट नसतील, तर घामाने ओल्या झालेल्या मॅटवर अनवाणी पाय निसटतो. म्हणजे रेषा तीच, नियम तेच, पंच तेच. परंतु एक जण आपल्या घरात खेळतो आणि दुसरा पाहुणा असतो. वर कोणी म्हणतो, दोघांना एकच मैदान दिले होते!

ही कहाणी कबड्डीपुरती नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत घडलेले मल्ल. 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये त्यांना गादीवर लढावे लागले; सवय नसताना ते सहावे आले. त्यानंतर चार वर्षे त्यांनी तयारी केली आणि 1952 साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. हॉकीचे उदाहरण मात्र इतके सुखाचे नाही. 1928 पासून 1972 पर्यंत हॉकीच्या एकाही ऑलिंपिकमधून भारत रिकाम्या हाती परतला नव्हता. 1976 साली माँट्रियलला ऑलिंपिकची हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर झाली, आणि भारत सातवा आला. केवळ मैदानाने घात केला असे म्हणणे दुबळेपणाचे होईल. पण मैदानाचा त्यात काहीच वाटा नव्हता असे म्हणणे खोटेपणाचे होईल. हॉकीची ही मैदाने सामन्यापूर्वी पाण्याने भिजवावी लागतात. आमच्या शहापूर तालुक्यातून तानसा-भातसाचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. अशा पाड्यावरच्या पोराने भिजवलेल्या गालिच्याची सवय कुठून आणावी?

मौज अशी, की कृत्रिम गवताचा प्रसार न्यायासाठी झालाच नव्हता. अमेरिकेत ह्यूस्टन शहरी 1965 साली बेसबॉलसाठी एक प्रचंड बंदिस्त क्रीडागृह उघडले. छताच्या काचांतून येणाऱ्या उन्हाने खेळाडूंचे डोळे दिपू लागले, म्हणून काचा रंगवल्या. काचा रंगवल्या म्हणून आतले गवत मेले. गवत मेले म्हणून 1966 साली तिथे नकली गवत अंथरले. एका अडचणीवरचा उपाय पुढे खेळांचा कायदा झाला. आणि कायदाही सर्वांना सारखा लागला असे नाही. 2015 साली कॅनडात स्त्रियांचा फुटबॉल विश्वचषक कृत्रिम मैदानांवर झाला. पुरुषांचा विश्वचषक आजवर असा कधी खेळवला नव्हता. नामवंत खेळाडूंनी आदल्या वर्षी भेदभावाची तक्रार गुदरली आणि सामन्यांपूर्वी ती मागे घेतली. त्या खेळल्या. पण ‘आम्हालाच का?’ हा त्यांचा प्रश्न काही त्या मैदानात गाडला गेला नाही.

मग काय, मॅट गुंडाळून ठेवावी? मातीचे गोडवे गाणारे माझे काही स्नेही असे म्हणतात खरे. त्यांना मी एवढेच विचारतो, की आपली माती पाहुण्या संघाला परकी नसते काय? आमच्या खळ्यातला उंचवटा आमच्या पोरांना डोळे मिटून ठाऊक असतो. पाहुणा त्यावर ठेचकाळला की आपण टाळ्या वाजवतो. तेव्हा न्यायाची आठवण कोणाला होत नाही. महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग ठेवले आहेत. ही मोठ्या शहाणपणाची तडजोड आहे. परंतु दोन्ही विभागांतले विजेते शेवटी किताबासाठी समोरासमोर येतात, आणि ती कुस्ती कुठल्या तरी एकाच जागी व्हावी लागते. कोणाला तरी परक्या जागी उभे राहावे लागणारच. जगात सगळ्यांच्या पायांना सारखीच ओळखीची अशी जमीन नाही.

याच मुद्द्यावर आमच्या गावात जे घडले ते सांगतो. संघ कल्याणपलीकडे मॅटवर खेळायला जायचा होता. आमचा सर्वांत चपळ चढाईपटू वीटभट्टीवर राबणाऱ्या घरचा मुलगा. दिवाळी झाली, की त्याचे आईबाप बिऱ्हाड घेऊन भट्टीवर जातात. तो मामाकडे राहून शाळा शिकतो. त्याच्या पायांना बूट ठाऊक नव्हते. पारावर वाद पेटला. एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "ज्याच्या जिवावर इथवर आलात त्यालाच घरी ठेवता? ही कुठली रीत?" संघनायक म्हणाला, "आबा, तुमचं खरं. पण मॅटवर त्याचा पाय ठरला नाही तर सातही जण बुडतील. माया करून गुण मिळत नाहीत." दोघांचेही खोटे नव्हते. एक कृतज्ञतेच्या बाजूने बोलत होता, दुसरा जबाबदारीच्या. तासभर त्या मुलाच्या पायांवर चर्चा झाली आणि तो मुलगा पाराच्या खाली उकिडवा बसून ती ऐकत होता. त्याला कोणी विचारले नव्हते. शेवटी तोच म्हणाला, "नका खेळवू म्हणालात तरी चालंल. पण एकदा त्या मॅटवर उभं करून बघा, मग ठरवा."

पार गप्प झाला. दुसऱ्या दिवशी वर्गणीतून बूट आले. टेम्पो ठरल्या वेळेच्या दोन तास आधी निघाला, आणि यजमानांनी भल्या मनाने सामन्यापूर्वी अर्धा तास मॅट मोकळी करून दिली. मुलाने पंधरावीस चढाया करून पाहिल्या. संघनायकाने त्याला राखीव ठेवले. उत्तरार्धात तो उतरला, दोन गुण घेऊन आला आणि तिसऱ्या खेपेस पकडला गेला. आम्ही हरलो. परतीच्या वाटेवर आबांनी त्याला आपल्याशेजारी बसवून घेतले. निवडीबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही.

त्या मुलाच्या एका वाक्यात मला न्यायाची जी व्याख्या सापडली, ती पुष्कळ जाड पुस्तकांत सापडलेली नाही. त्याने विजय मागितला नाही, जागा मागितली नाही, मैदान बदलून द्या असेही म्हटले नाही. आपल्याला नापसंत करायचे असेल तर आधी पारखून मग करा, एवढेच त्याचे मागणे होते. ज्या मैदानावर माणसाची परीक्षा घ्यायची, त्या मैदानावर त्याला परीक्षेपूर्वी उभे राहू देणे हा न्यायाचा किमान हप्ता आहे. तो न देता घेतलेली परीक्षा म्हणजे परीक्षेचे नाटक.

मी शाळामास्तर असल्यामुळे मला हा विचार पारावरच सोडून देता येत नाही. टोकावडे, सरळगाव, किन्हवली, डोळखांब या बाजूंची मुले आमच्या हातांखालून पुढे जातात. इथे त्यांना सगळे येत असते. पुढे कल्याण-ठाण्याच्या कॉलेजात इंग्रजी बोलणाऱ्या वर्गात ती बसतात आणि गप्प होतात. कोणीतरी म्हणते, खेड्यातली मुले कच्चीच. प्रश्नपत्रिका सर्वांना एकच होती ना? होती; मॅटही एकच असते. अशा मुलांसाठी वेगळी, सोपी प्रश्नपत्रिका मागणे हा त्यांचा अपमान आहे, आणि ‘एकच प्रश्नपत्रिका’ म्हणून हात झटकणे हा आपला आळस आहे. त्यांना बूट आणि अर्धा तास मिळवून देणे हे वडीलधाऱ्यांचे काम. तेवढे केल्यावर ती राखीव राहिली तर राहोत, पकडली गेली तर जावोत.

पारावरच्या मंडळींबद्दलही एक शब्द लिहिला पाहिजे, कारण त्यांची थट्टा करणे सोपे आहे. ज्यांना खेळायचे नाही त्यांनी संघाची उठाठेव का करावी, असे शहाणी माणसे विचारतात. पण ज्या गावात संघावरून भांडण होत नाही, त्या गावाला संघ नसतो. नुसते बारा खेळाडू असतात. वाद आदल्या रात्री मनसोक्त घालावा. मात्र नावे वाचून झाली, की आपण सुचवलेला गडी त्यांत नसला तरी सकाळी टेम्पोत चढावे आणि परक्या गावात जाऊन त्याच सात जणांसाठी घसा बसेपर्यंत ओरडावे. या दोन गोष्टी ज्याला साधतात तो नागरिक उत्तम, असे मी समजतो. आणि निवडणुकीच्या दिवसांत तर ते मला फारच पटते.

यंदाची कापणी आटोपत आली आहे. पलीकडच्या शेतात ढेकळे फोडायला पोरे लागलीही आहेत. मातीवर त्यांनी जरूर खेळावे. ती त्यांची आहे. पण कोणाच्या हाती लक्ष्मी खुळखुळत असेल, तर यंदा फटाक्यांतले चार पैसे वाचवून त्याने गावच्या संघाला दोनचार जोड बूट घेऊन द्यावेत. मॅट काही लगेच येणार नाही. पण परगावी जाताना टेम्पो दोन तास आधी काढणे तर आपल्या हाती आहे!