अर्ज फाटकावर लावा

सातिवलीत प्लॅस्टिकची झाकणं बनवणाऱ्या माझ्या ओळखीच्या एका गाळेवाल्याला मध्यंतरी एक ई-मेल आला. परदेशातल्या कुठल्याशा संस्थेनं पर्यावरणाच्या जागतिक पुरस्कारासाठी त्याच्या कंपनीची प्राथमिक निवड केली होती. प्रवेशशुल्क वेगळं, समारंभातल्या जेवणाच्या टेबलाचे पैसे वेगळे, ट्रॉफी आणखी एक हवी असेल तर तिचे वेगळे. मला फोन दाखवत तो म्हणाला, ‘‘निवड केली म्हणतात, पण मी काय केलंय ते कुठेच लिहिलं नाही. ते म्हणे मीच लिहून पाठवायचं.’’ एवढं बोलून तो मशीनकडे वळला. मला मात्र ते वाक्य टोचत राहिलं.

पैसे घेऊन पुरस्कार वाटणाऱ्यांबद्दल मला काही लिहायचं नाही. गल्लोगल्लीचे भूषण आणि रत्न पाहिलेल्या मराठी वाचकाला त्यात नवं काय? शाल-श्रीफळाच्या जागी काचेची ट्रॉफी आणि सभागृहाच्या जागी हॉटेल, एवढाच फरक. मला छळणारा प्रश्न खऱ्या पुरस्कारांचा आहे. जिथं परीक्षक प्रामाणिक आहेत, आकडे तपासले जातात आणि मोठ्या संस्थेचं नाव मागे आहे, तिथंसुद्धा आपलं पुण्य आपणच लिहून पाठवायचं असेल, तर परीक्षक नेमकं काय तपासतात?

माझ्या मते ते कुंपणाच्या आतलं तपासतात. कुंपणाच्या आतलं आणि कुंपणाबाहेरचं हा भेद मला फार दिवसांपासून प्रिय आहे आणि तो मी कुठेही लावतो, अशी माझ्या मित्रांची तक्रार असते. इथं मात्र तो चपखल बसतो. कोचीनच्या विमानतळाचंच पाहा. ऑगस्ट २०१५ पासून हा विमानतळ पूर्णपणे सौरविजेवर चालतो. असा तो जगातला पहिलाच. सप्टेंबर २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं त्याला ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ हा आपला सर्वोच्च सन्मान दिला. काम खरं आणि सन्मानही रास्त. पण सौर झाली ती कुंपणाच्या आतली वीज. धावपट्टीवरून उडणारी विमानं जे इंधन जाळतात, ते त्या हिशेबात नाही. त्याच वर्षी ऑगस्टच्या पुरात हा विमानतळ दोन आठवडे बंद होता. बाहेरच्या पाण्याला आतला हिशेब ठाऊक नव्हता.

आता हाच भेद घेऊन सातिवलीला या. गोखिवरे, वालीव, सातिवली हा वसई पूर्वेचा पट्टा एमआयडीसीनं आखून दिलेला नाही. ज्याची जमीन त्यानं कंपाउंड घातलं, कंपाउंडात गाळे बांधले, गाळ्यांत मशीनं आली. जवळून महामार्ग जातो आणि जवळच तुंगारेश्वरचं अभयारण्य. इथं गाळ्याला स्वतःचं कुंपणच नाही. भिंत शेजाऱ्याशी सामाईक, गटार सगळ्यांचं, पाणी टँकरचं, कचरा भंगारवाल्याचा. आतलं काय नि बाहेरचं काय, हे सांगणार कोण? पुरस्काराच्या अर्जात जे रकाने असतात ते ज्यांना फाटक आहे त्यांच्यासाठी असतात.

शिवाय फाटकवाल्यांचं बाहेरचं बरंचसं इथंच येऊन पडलेलं असतं. हरितगृह वायूंचा हिशेब ठेवायची जी जगन्मान्य पद्धत २००१ पासून रुळली आहे, तिच्यात तीन कप्पे आहेत: आपल्या धुराड्याचा, विकत घेतलेल्या विजेचा आणि मालपुरवठ्यापासून ग्राहकापर्यंतच्या बाकी सगळ्याचा. तिसरा कप्पा सर्वांत अवघड आणि पुष्कळ धंद्यांत सर्वांत मोठा. एखादी नामांकित कंपनी बाटलीचं झाकण स्वतः न बनवता बाहेरून घेते, तेव्हा त्या झाकणाची वीज तिच्या पहिल्या दोन कप्प्यांतून निघून तिसऱ्यात जाते. म्हणजे अशाच एखाद्या गाळ्यात. कंपनीच्या अहवालातला उतरता आलेख कधी कधी असाही उतरतो.

इथं थोडं आडवळणाला जातो. झाकणाच्या साच्यातून माल निघतो तेव्हा त्याच्याबरोबर प्लॅस्टिकची दांडी निघते. तिला रनर म्हणतात. गाळेवाला ती फेकत नाही. ग्राइंडरमध्ये दळून पुन्हा दाण्यात मिसळतो, कारण दाणा महाग आहे. हे तो ‘चक्रीय अर्थव्यवस्था’ हा शब्द मराठीत यायच्या आधीपासून करतो आहे आणि त्याबद्दल त्याला कुणी टाळी दिलेली नाही. काटकसरीला पुरस्कार मिळत नाही, कारण काटकसर करणाऱ्याकडे ‘आधी’चा आकडा नसतो. आधी उधळपट्टी केलेली असावी लागते, मग कपात दाखवता येते. उलट बाजूचं उदाहरणही आपल्याकडेच आहे. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेला, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांच्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञानाच्या संस्थेला, ब्रिटनचा अ‍ॅशडेन पुरस्कार दोनदा मिळाला. २००२ मध्ये उसाच्या पाचटापासून कांडीकोळसा बनवण्याबद्दल आणि २००६ मध्ये स्वयंपाकघरातल्या उरल्यासुरल्यावर चालणाऱ्या छोट्या बायोगॅस संयंत्राबद्दल. शेणाऐवजी पिठूळ, गोड खरकटं घातलं तर दोनेक किलोत काम भागतं आणि गॅस दिवसाभरात तयार होतो, हे कर्व्यांनी दाखवलं. इरावती कर्व्यांच्या या मुलानं कुणाच्या कुंपणातली कपात मोजली नाही. जे पाचट शेतकरी बांधावर पेटवून देतो, जे खरकटं महापालिका डंपिंगवर नेते, त्या बेवारशी बाहेरच्याचा त्यानं विचार केला. पुरस्कार असेही असू शकतात.

माझा एक स्नेही कंपन्यांचे शाश्वततेचे अहवाल लिहितो. त्याच्याशी या विषयावर माझं नेहमी वाजतं. ‘सेबी’नं २०२२-२३ पासून बाजारमूल्यात वरच्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना असा अहवाल सक्तीचा केल्यावर त्याचे दिवस पालटले आहेत, हे मी त्याला सारखं ऐकवतो. हा युक्तिवाद नव्हे, टोमणा आहे, हे मला कळतं; तरी ऐकवतो. त्याचं म्हणणं साधं आहे. ट्रॉफी मिळाली की संचालकांच्या बैठकीत पर्यावरण अधिकाऱ्याला बोलायला वेळ मिळतो. ‘‘हाव चांगल्या गोष्टीची लागली तर तुझं काय जातं?’’

मी त्याला तारापूर दाखवलं. तेही आपल्याच पालघर जिल्ह्यात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूरचा औद्योगिक पट्टा ९३.६९ गुण घेऊन प्रदूषणात देशात पहिला आला. या क्रमांकासाठी कुणी अर्ज केला नव्हता. अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली, म्हणजे खाडी आणि समुद्रावर पोट असलेली माणसं गेली, आणि २०२२ मध्ये कारखान्यांना कोट्यवधींची भरपाई भरायचा आदेश झाला. ‘‘इथं साक्षीदार कुंपणाबाहेरचा होता,’’ मी म्हटलं, ‘‘आणि तुझ्या पुरस्कारात आरोपीच साक्षीदार.’’ त्यानं विचारलं, ‘‘मासेमार गेले कधी?’’ २०१६ मध्ये. ‘‘मग मधली वर्षं?’’ यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं, म्हणून मी फोक्सवॅगन काढली.

पुरस्कारांची खिल्ली उडवायला हे हुकमी पान. ‘स्वच्छ डिझेल’च्या जोरावर या समूहाच्या जेट्टानं २००९ चा आणि ऑडी ए३ नं २०१० चा ‘ग्रीन कार ऑफ द इयर’ हा अमेरिकेतला किताब मिळवला. सप्टेंबर २०१५ मध्ये उघड झालं की, चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारी आज्ञावली या गाड्यांत बसवली होती. किताब काढून घेतले गेले. भारतातही पुण्याच्या ‘एआरएआय’ या वाहनचाचणी संस्थेच्या चाचण्यांनंतर त्याच डिसेंबरात कंपनीनं सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलावायचं जाहीर केलं. चाकणला कारखाना असलेल्या कंपनीची ही गोष्ट आपल्याला परकी नाही.

ही गोष्ट मी स्नेह्याला विजयानं सांगायला घेतली आणि सांगता सांगता तिनं माझीच बाजू पोखरली. चोरी पकडली गेली कशी? स्वच्छ वाहतुकीवर काम करणाऱ्या एका संस्थेनं वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या चमूला या गाड्या खऱ्याखुऱ्या रस्त्यावर तपासायला सांगितलं. हेतू पकडण्याचा नव्हता. अमेरिकेतल्या डिझेल गाड्या खरोखर स्वच्छ आहेत, हे युरोपाला दाखवून द्यायचं होतं. जेट्टाचा नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या १५ ते ३५ पट निघाला. म्हणजे कंपनीनं मिरवलं म्हणून कुणाला तपासावंसं वाटलं. डिझेलबद्दल ती गप्प राहिली असती, तर ती सापडलीही नसती.

इथून पुढे मला पुरस्कार बंद करा असं म्हणवत नाही. गप्प बसून धूर सोडणाऱ्याला धरायला काहीच हाती नसतं. जो ‘मी इतकं पाणी वाचवलं’ असं लेखी सांगतो, तो स्वतःविरुद्ध एक कागद जगाच्या हाती देतो. पुरस्कारात मोलाचा आहे तो हा कागद; ट्रॉफी नव्हे. आणि नेमका तोच आज परीक्षकांच्या कपाटात बंद राहतो, बाहेर येतं ते छायाचित्र. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२४ मध्ये हरित दाव्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढून दाव्याला पुरावा मागितला आहे. पण ती जाहिरातींच्या बाजूनं विचार करतात. शेजाऱ्याच्या बाजूनं करायचं राहिलं आहे.

म्हणून माझी मागणी आता अशी आहे: पुरस्कार द्या, हवे तितके द्या, पण अर्ज फाटकावर लावा. मराठीत लावा, रोजच्या पाळीचा कामगार थांबून वाचेल अशा अक्षरात. पाणी कुठून आणलं, कुठे सोडलं, कचरा कुणाला दिला, कोणतं काम बाहेर करून घेतलं, हे चार रकाने असले तरी पुरे. मग काही महिने थांबा. नाल्यापलीकडच्या पाड्याला, टँकरवाल्याला, भंगारवाल्याला आणि झाकणं पुरवणाऱ्या गाळ्यालाही त्यावर हरकत घेऊ द्या. त्यानंतर परीक्षक लंडनचे असोत की पालघरचे, मला फरक पडत नाही.

स्नेही म्हणतो, असं केलं तर अर्ज कोण करणार? थोडेच करतील. पण त्यांचे अर्ज वाचण्यासारखे असतील.