दया करण्याचा अधिकार

मी शाळामास्तर असल्यामुळे नियमांविषयी मला ममत्व आहे, आणि कादंबऱ्या लिहीत असल्यामुळे नियम मोडणाऱ्यांविषयीही! म्हणूनच की काय, वाहतुकीच्या दंडावरून दिल्ली आणि राज्ये यांच्यात जो वाद झाला, त्यात मला कायद्यापेक्षा नीतीचा प्रश्न अधिक दिसतो.

आपल्या घटनेने मोटारगाड्यांचा विषय समवर्ती सूचीत घातला आहे. कायदा संसदेनेही करावा, विधिमंडळानेही करावा. मात्र विरोध आला, तर सामान्यतः संसदेचा शब्द वरचढ. पोलीस मात्र राज्याचे. म्हणजे फर्मान काढणारा एक आणि शिट्टी वाजवणारा दुसरा! १ सप्टेंबर २०१९ पासून दंड वाढले. हेल्मेटवाचून दुचाकी चालवणाऱ्याचा शंभर रुपयांपर्यंतचा दंड एकदम हजारावर गेला. गुजरातने त्याच महिन्यात तो पाचशेवर आणला. हा कायदा आणणारे मंत्री नितीन गडकरी नागपूरचे. पण त्यांच्याच महाराष्ट्रात वाढीव दंड लागू व्हायला डिसेंबर २०२१ उजाडला. मध्यंतरी जानेवारी २०२० मध्ये केंद्राने महान्यायवादींच्या सल्ल्यावरून राज्यांना बजावले, की राष्ट्रपतींच्या संमतीवाचून कायद्यातल्या मर्यादेखाली दंड उतरवता येणार नाही.

वाचकहो, आपण सहज म्हणून जातो, की जवळचे सरकार दयाळू आणि दूरचे कठोर. जवळच्याला माणसाचा खिसा दिसतो. रोजंदारीवर जाणाऱ्याचे हजार रुपये म्हणजे घरातला किराणा, हे त्याला कळते. दूरच्याला आकडा दिसतो. एकट्या २०१९ साली भारतातल्या रस्त्यांवर १,५१,११३ माणसे मेली! पण ही माणसेही कुणाच्या तरी गल्लीतलीच होती ना? फरक इतकाच, की दंड भरणारा ओरडतो आणि मेलेला ओरडत नाही. ओरडा ऐकून दिलेली माफी ही दया नव्हे; ती भीड झाली.

म्हणून दूरच्याची कठोरता हा सद्गुण ठरतो, असेही नाही. कागदावर एक शून्य वाढवायला कष्ट पडत नाहीत. ज्याला भर उन्हात चौकात उभे राहून तो दंड वसूल करायचा नाही, त्याने एवढे तरी जाणावे, की दंड जितका मोठा, तितका तो चुकवण्याचा मोह मोठा. शिवाय रस्त्यातला खड्डा आणि चौकातला विझलेला दिवा दंडाच्या पावतीने दुरुस्त होत नाहीत.

शाळेत शिस्तीचा नियम मुख्याध्यापक करतात. एखाद्या मुलाला मी त्यातून सूट देतो, तेव्हा त्याचा अभ्यास करून घेण्याचे ओझे माझ्या शिरावर येते. माफी देणारा हा जामीन असतो. दंड निम्मा करणाऱ्या राज्याने उरलेल्या निम्म्याचा जामीन राहावे; रस्ता नीट करावा, लोकांना सवय लावावी. तसेच दंड दसपट करणाऱ्या केंद्राने आपल्या हुकमाने किती जीव वाचले, याचा हिशोब द्यावा. अधिकार कुणाचा, हे सूची सांगेल. अधिकार शोभतो कुणाला, हे मात्र जबाबदारी कोण उचलतो त्यावर ठरते.

आणि आपण? भाऊबीजेच्या संध्याकाळी तबक लावून बसलेली बहीण दंड दिल्लीने ठरवला की मुंबईने, हे विचारत नाही. तिचे डोळे दाराकडे लागलेले असतात. दुचाकीला किल्ली लावताना भावाने तेवढे आठवावे.