शिशाची मोहोर

बदलीच्या नोकरीत मनुष्य ज्या गावी जातो, तेथे पहिल्या महिन्यात त्याला चार पत्ते शोधावे लागतात : डॉक्टरचा, शाळेचा, दूधवाल्याचा आणि मोटार दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचा. पहिले तीन शेजारी देतात. चौथा मात्र कोणी सहजासहजी देत नाही. दिलाच तर आवाज थोडा खाली आणून देतो, जणू घराण्यातले औषधच सांगतो आहे. आम्ही २०१२ साली पुण्याहून बंगळूरला आलो, तेव्हा गांधीनगरातील महाराष्ट्र मंडळात चहाच्या वेळी एका गृहस्थांनी आम्हांला असा एक पत्ता दिला आणि वर म्हणाले, "माणूस विश्वासाचा आहे." त्या एका शब्दाचा अर्थ लावण्यात पुढे आमची काही वर्षे गेली, आणि तो पुरता लागला आहे असे आजही आम्हांला म्हणवत नाही.

आमची मोटार म्हणजे २००१ साली पुण्यात घेतलेली डिझेलची टाटा सुमो. या गाडीचे नाव जपानी मल्लांवरून आले असे अनेकांना वाटते. वस्तुतः ते टेल्कोचे सुमंत मुळगावकर यांच्या नावातील आद्याक्षरांवरून ठेवले गेले. परप्रांतात राहणाऱ्या मराठी माणसाला एवढा अभिमानही पुरतो, आणि त्या अभिमानापोटी तो गाडी विकण्याचा विचार दोन-चार वर्षे पुढे ढकलतो. असो.

बंगळूरचे आणि डिझेलच्या एंजिनाचे नाते जुने आहे, हे येथे आल्यावरच आम्हांला कळले. मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे सर्वांच्या तोंडची 'मायको', १९५१ साली स्थापन झाली आणि आडुगोडीच्या तिच्या कारखान्यातून डिझेलचे इंधनपंप देशभर जाऊ लागले. पुढे नाशिकला तिचाच कारखाना निघाला, त्यात नोझल तयार होऊ लागले. २००८ साली कंपनीचे नाव बदलून 'बॉश' झाले. परंतु मिस्त्री लोकांच्या भाषेत पंप अजूनही 'मायकोचा'च असतो. सुट्या भागांसाठी जे. सी. रोडवर जावे. तेथील अरुंद दुकानांत, छतापर्यंत रचलेल्या खोक्यांतून, बंद पडलेल्या गाड्यांचेही वॉशर नि गॅस्केट अचूक काढून देणारी माणसे भेटतात. कन्नड, तमिळ आणि दखनी या तिन्ही भाषा त्या गल्ल्यांत एकाच वाक्यात नांदतात. आमची मराठी त्यात चौथी झाली. कोणाची हरकत दिसली नाही.

आता थोडे एंजिनाविषयी सांगणे प्राप्त आहे, कारण प्रश्नाचे मूळ तेथेच आहे. पेट्रोलच्या एंजिनात ठिणगी पाडून इंधन पेटवितात. डिझेलच्या एंजिनात ठिणगी नसते. नुसती हवा इतकी दाबली जाते की ती तापून पाचशे अंशांच्याही वर जाते, आणि त्या तापलेल्या हवेत नोझलमधून इंधनाचा अतिसूक्ष्म फवारा सोडताच ते आपोआप पेट घेते. रुडॉल्फ डिझेलने १८९२ साली या कल्पनेचे पेटंट मागितले आणि १८९७ साली आउग्सबुर्ग येथे यंत्र चालवून दाखविले. म्हणजे सारे काही दोन गोष्टींवर अवलंबून आहे : हवा पुरेशी दाबली जाते की नाही, आणि इंधन योग्य वेळी, योग्य मापाने येते की नाही. हे माप ठरविण्याचे काम पंपाचे. इंधन जास्त आणि हवा कमी झाली की अर्धवट जळालेला कोळसा काळ्या धुराच्या रूपाने बाहेर पडतो. निळा धूर दिसला तर तेल जळते आहे असे समजावे. पांढरा दिसला तर इंधन न पेटताच जाते आहे किंवा पाणी शिरले आहे.

इंधनाची कमाल मर्यादा ठरविणारा एक स्क्रू पंपावर असतो. पंप चाचणीयंत्रावर लावून, मापे जुळवून, तो स्क्रू पक्का केला की त्यावरून बारीक तार ओढतात आणि तिच्या टोकाला शिशाची मोहोर दाबून बसवितात. मीटरच्या पेटीवर किंवा टपालाच्या थैलीवर असते तशीच. तार तोडायला पकड लागते, आणि दोन सेकंद लागतात.

यांतले आपण स्वतः किती करावे? आमचे एक स्नेही आपल्या गाडीला परक्याचा हात लागू देत नाहीत आणि रविवारचा संपूर्ण दिवस गाडीखाली उताणे पडून काढतात. आम्ही त्यांच्याकडून काही गोष्टी शिकलो. हवेचे फिल्टर काढून झटकावे, डिझेलमधील साचलेले पाणी तळाच्या तोटीने सोडावे, डिझेलचे फिल्टर बदलल्यावर हातपंप मारून नळीतली हवा काढावी, हे कोणाही सुशिक्षित माणसाला जमण्यासारखे आहे. आणि नखांत अडकलेले काळे तेल घेऊन कचेरीत जाण्यात काही उणेपणाही नाही. परंतु पंपाच्या पोटात जाणे ही वेगळी गोष्ट. तेथील दट्ट्या आणि त्याचे नळकांडे यांमधील फट एका मिलिमीटरच्या दोन-तीन सहस्रांशांइतकीच असते. एकाचा दट्ट्या दुसऱ्याच्या नळकांड्यात चालत नाही. जोडी जन्माची असते. येथे हौशी माणसाने हात जोडावेत हे बरे. येथून पुढे विश्वासाचे राज्य सुरू होते.

आमच्या मिस्त्रीने त्या राज्यात आम्हांला कधी फसविले नाही. बदललेला जुना भाग तो कागदात गुंडाळून आमच्या हाती देई, न लागलेल्या कामाचे पैसे लावीत नसे, आणि जे त्याला कळत नसे ते कळत नाही म्हणून सांगे. या तिसऱ्या गुणाने आम्हांला विशेष जिंकले. सरकारी नोकरीत तो फारसा पाहायला मिळत नाही.

पुढे गाडी चढावर दमू लागली. मुले थट्टा करीत. मागचे भोंगे वाजवीत. आम्ही मिस्त्रीला म्हटले, "पिकअप वाढवून द्या." त्याने बॉनेट उघडले, क्षणभर त्या मोहोरेकडे पाहिले आणि म्हणाला, "साब, पावर आएंगा, धुवां भी आएंगा. पिच्छू को बोलना नक्को." आम्ही म्हटले, चालेल. त्याने तार तोडली, स्क्रू अर्धा आटा फिरविला, आणि गाडी खरोखरच तरुण झाली. पैसे त्याने घेतले नाहीत.

सुमारे तीन आठवड्यांनी हेब्बाळच्या उड्डाणपुलाच्या चढावर आम्ही सवयीप्रमाणे पाय दाबला आणि आरशात पाहिले. मागे स्कूटरवर एक बाई होत्या. त्यांच्या पुढ्यात गणवेषातला मुलगा उभा होता. दोन्ही बाजूंना वाहने असल्यामुळे त्यांना पुढेही जाता येईना आणि थांबताही येईना. त्यांनी एका हाताने हँडल धरून दुसऱ्या हाताने पदर त्या मुलाच्या तोंडावर धरला. आम्ही पाय उचलला. पण चढ होता, आणि धूर जायचा तो गेलाच होता. डिझेलच्या धुराने मनुष्यास कर्करोग होतो असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१२ साली, म्हणजे आम्ही या शहरात आलो त्याच वर्षी, दिला होता. तो आम्ही वर्तमानपत्रात वाचलाही होता.

आम्हांला छळू लागलेला प्रश्न हा की, त्या दुपारी आमच्या मिस्त्रीने विश्वासघात केला की विश्वास पाळला? आम्ही मागितले ते त्याने दिले. परिणाम आधी सांगितला. लोभ धरला नाही. तरीही काही मोडले होते, आणि ते केवळ तार नव्हते. आमची पहिली युक्ती अशी की, त्याने नाही म्हणायला हवे होते. पण ही युक्ती फार वेळ टिकेना. आपल्या सदसद्विवेकाचे ओझे महिन्याला आपल्यापेक्षा कितीतरी कमी मिळविणाऱ्या माणसाने वाहावे, आणि त्यापायी गिऱ्हाईकही गमवावे, असे म्हणण्यात कोणता न्याय आहे? आम्ही पुन्हा गेलो तेव्हा तोही एवढेच म्हणाला, "साब, आप बोले, मैं करा." त्यात आरोप नव्हता, म्हणूनच तो लागला.

मराठीत दोन शब्द जवळजवळ नांदतात : विश्वासू आणि विश्वस्त. विश्वासू माणूस आपल्याशी इमान राखतो. विश्वस्त मात्र अशा कोणासाठी तरी राखतो, जो समोर हजर नसतो, अज्ञान असतो, किंवा अजून जन्मालाही आलेला नसतो. आमचा मिस्त्री विश्वासू होता. त्या मोहोरेच्या बाबतीत विश्वस्त असायला हवे होते ते कोणी? स्क्रू त्याच्या हाती होता आणि इच्छा आमची होती. स्कूटरवरील मुलाला मात्र या व्यवहारात कोणी विचारलेच नव्हते. गाडी स्वतःच्या हाताने दुरुस्त करणाऱ्या आमच्या स्नेह्यांचा अभिमान आम्हांला येथे थोडा अपुरा वाटतो. मिस्त्री निदान क्षणभर थांबून धुराचे सांगतो. आपणच पकड हाती घेतली म्हणजे तेवढेही सांगणारा कोणी उरत नाही.

आणि हे लिहिताना आमच्या टेबलावरून गेलेल्या काही कागदांची आठवण टाळता येत नाही. अर्जदार समाधानी, वरिष्ठ समाधानी, टिपणीत सारे धोके प्रामाणिकपणे नमूद केलेले, आणि खाली आमची सही. ज्यांच्या अंगावर तो धूर जायचा होता, ते त्या खोलीत नव्हते. आम्ही लाच घेतली नाही, खोटे लिहिले नाही. गावोगाव आमचाही पत्ता लोक "माणूस विश्वासाचा आहे" म्हणूनच देत आले. वाचकांपैकी ज्यांनी अशा सह्या केल्या नसतील ते भाग्यवान. बहुतेकांनी केल्या असतील असा आमचा तर्क आहे.

दुरुस्तीची हकिगत थोडक्यात. पंप काढून पंपवाल्याकडे चाचणीयंत्रावर नेला, माप पूर्ववत केले, नोझल बदलले. मूळ दोष निराळाच निघाला : हवेचे फिल्टर आम्ही वर्षभर पाहिलेच नव्हते, आणि दोन सिलिंडरांत दाबही थोडा उतरला होता. म्हणजे जेथे हवा कमी पडत होती, तेथे आम्ही इंधन वाढविले होते. नवी तार ओढून शिशाची मोहोर दाबली गेली तेव्हा आम्ही समोर उभे होतो. गाडी पुन्हा दमते. आम्ही डाव्या कडेने जातो आणि भोंगे ऐकून घेतो.

परंतु एवढ्याने आमची सुटका झाली असे समजण्याचे धैर्य होत नाही. धूरमापकाची मर्यादा आमच्यासारख्या जुन्या गाड्यांना ६५ एककांची आहे, आणि आम्ही तिच्या पुष्कळ आत आहोत. तथापि एप्रिल २०२० पासूनच्या डिझेल गाड्यांना काजळी अडविणारी गाळणी असते. आमच्या सुमोला ती नाही, आणि कोणताही प्रामाणिक मिस्त्री ती निर्माण करू शकत नाही. दिल्लीत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ साली दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना बंदी केली, ती सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली उचलून धरली. तेव्हा तेथील आमच्या एका मित्राने उत्तम राखलेली गाडी डोळ्यांत पाणी आणून बाहेरच्या प्रांतात विकली. धूर तोच राहिला, फक्त दुसऱ्या गावच्या मुलांच्या वाट्याला गेला. वयावरून गाडी मोडीत काढणे आम्हांला अन्याय्य वाटते. पण हे मत देणाऱ्याचीच गाडी जुनी आहे, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

आमच्या गाडीची नोंदणी २०१६ साली पुढे वाढली, मग २०२१ साली. त्यापुढची तारीख २०२६ ची. ती जवळ येऊ लागली तेव्हा आम्ही मिस्त्रीकडे गेलो आणि विचारले की, आता ही ठेवावी की मोडीत द्यावी? त्याने हात चिंधीला पुसले, बॉनेटची कडी सोडली आणि म्हणाला, "पैले कंप्रेशन देखेंगे, साब." आम्ही बाकावर बसलो.