रक्त माझे, गुपित कोणाचे?



हंटिंग्टन हा मेंदूचा आजार रक्ताच्या नात्यातून येतो. आई किंवा वडिलांना तो असेल, तर प्रत्येक मुलाला होण्याची शक्यता निम्मी असते. बहुधा तिशी-चाळिशीनंतर तो डोके वर काढतो. हातपाय आपोआप हलू लागतात, स्वभाव बदलतो, बुद्धी क्षीण होते. तो बरा करणारे औषध आजही नाही.

व्हेनेझुएलातील माराकायबो सरोवराकाठच्या गरीब वस्त्यांत असे रुग्ण पुष्कळ. १९७९ पासून नॅन्सी वेक्सलर आणि त्यांचे सहकारी तेथे जाऊ लागले. वेक्सलर यांच्या आईला याच आजाराने मृत्यू आला होता. तेथील कुटुंबांनी रक्त दिले, पिढ्यान्‌पिढ्यांची नाती सांगितली. जपमाळ तुटली तर शेजारचे मणी बहुधा एकाच तुकड्यात राहतात, लांबचे वेगळे होतात. आईवडिलांकडून मुलांकडे येताना जनुकांचेही तसेच होते. कोणत्या खुणा आजारासोबत येतात हे घराण्याघराण्यांतून ताडून पाहत १९८३ साली चौथ्या गुणसूत्रावर त्याचा ठाव लागला. प्रत्यक्ष जनुक १९९३ साली सापडले.

एकट्याच्या रक्तावरून हा नकाशा काढता आला नसता. त्यासाठी आजी, काका, भावंडे, सगळे लागले. आमचा प्रश्न येथूनच सुरू होतो.

समजा, आजोबांना हा आजार होता. आईला स्वतःचे भविष्य जाणून घ्यायचे नाही. मुलाला मात्र लग्नाआधी जाणायचे आहे. मुलाच्या तपासणीत दोष निघाला, तर आईचाही निकाल न विचारता लागला. मग अधिकार कोणाचा?

‘रक्त माझे, निर्णय माझा’ असे म्हणणे सोपे आहे. पण ते रक्त आपण कमावलेले नाही, ते मिळालेले आहे. उलट, ‘घरासाठी गप्प बस’ असे मुलाला सांगणेही अन्यायाचे, कारण त्याच्या निर्णयावर होणाऱ्या पत्नीचे आणि मुलांचे आयुष्य अवलंबून आहे. आम्हांला वाटते, मुलाला जाणण्याचा अधिकार आहे आणि आईला न जाणण्याचा. म्हणून मुलाने तपासणीआधी आईशी बोलावे, आणि तिची इच्छा नसेल तर निकाल स्वतःजवळ ठेवावा. चेहरा सारे लपवू शकणार नाही, हे खरे. तो भार दोघांनी मिळून वाहायचा.

स्वतः वेक्सलर यांनी आपल्याविषयी अनेक वर्षे मौन राखले. आपल्यालाही हा आजार आहे, हे त्यांनी २०२० साली जाहीर केले. त्या मौनाचाही मान राखला पाहिजे.

पण मौन वेगळे आणि लाजेने लपवणे वेगळे. १८ मे २०१७ रोजी पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनमध्ये दक्षिण अमेरिकेतील अशा कुटुंबांना भेटीस बोलावले, ते या आजारामागची लाज दूर व्हावी म्हणून. सोयरीक जुळवताना घरातला आजार दडवण्याची रीत आपल्याकडेही आहे. आजारी माणूस हा घराण्याला लागलेला डाग नव्हे. एवढे आपण मनापासून मानले, तर खरे बोलण्याची भीती निम्मी कमी होईल.

आपले धर्मगुरू