पडद्यावरचे हुतात्मे आणि हयात सैनिक

युद्धपट पाहून आलेल्या मंडळींत एक प्रश्न हमखास निघतो : सैन्यात खरोखर असे असते काय? पांढुर्णा-सौंसर भागाला हा प्रश्न परका नाही. कामठीचे गार्ड्स रेजिमेंटचे केंद्र आपल्याला जवळचे, महार रेजिमेंटचे सागर तर आपल्याच राज्यातले; गावांतून निवृत्त जवान भेटतात. अशाच एका वयोवृद्ध सुभेदारांना आम्ही हा प्रश्न विचारला, तेव्हा ते म्हणाले, "भाऊ, सिनेमातले जवान बोलतेच किती! रातच्याले मोर्चावर खोकला आला तर तोंडात रुमाल कोंबा लागे."

पुढे त्यांनी जे सांगितले, त्यात शौर्याचा भाग थोडा आणि मेहनतीचा फार होता. खंदक खणणे, वाळूची पोती रचणे, पाणी वाहून आणणे, रायफल पुसणे आणि वाट पाहणे. हातबॉम्ब फुटला की पडद्यावर आगीचा डोंब उसळतो. प्रत्यक्षात धूळ, धूर आणि कान बधिर करणारा आवाज, एवढेच. 'बॉर्डर'मधील घरच्या पत्रांचे गाणे मात्र त्यांना सर्वांत खरे वाटते. गोळीबाराच्या प्रसंगांहून गाणे खरे वाटावे, हा अभिप्राय चित्रपटकारांनी ऐकून ठेवण्याजोगा आहे.

तथापि तपशिलाच्या अशा चुका आम्ही फारशा मनावर घेत नाही. अतिशयोक्ती हा आपल्याकडे अलंकारच मानला गेला आहे. डफावर थाप पडली की शाहीर आपल्या वीराला हातभर उंच करणार, हे श्रोता जाणून असतो. बखरकारालाही आपण तेवढी सूट देतो. इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती दिली नाही आणि अस्सल कागदांचाच आग्रह धरला, ही गोष्ट वेगळी. चित्रपटाची अडचण अशी, की तो शाहिराच्या तोंडाने बोलत नाही. तो साक्षीदाराच्या डोळ्यांनी दाखवतो. खरे ठिकाण, खरी तारीख, खरी पलटण आणि खरी नावे घेतली, की अलंकाराची सूट संपते, असे आमचे मत आहे.

लोंगेवालाचेच पाहू. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री राजस्थानच्या वाळवंटातील या चौकीवर मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या हाताखाली २३ पंजाबचे सुमारे १२० जवान होते. समोरून रणगाडे आणि मोठे पायदळ चालून आले. चौकीपुढे काटेरी तार दिसताच पुढे सुरुंग पेरलेले असावेत, असा शत्रूला संशय आला आणि तो थबकला. रणगाडे मऊ वाळूत रुतले. उजाडताच जैसलमेरहून हंटर विमाने आली आणि पारडे फिरले. चांदपुरींना पुढे महावीरचक्र मिळाले. आपल्या बाजूचे मृत्यू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. पडद्यावर मात्र त्या रात्री जवानांमागून जवान पडताना दिसतात.

जे. पी. दत्तांनी १९९७ साली 'बॉर्डर' काढला तो श्रद्धेने, याविषयी आम्हांस शंका नाही. त्यांचे बंधू हवाई दलात होते. पण त्यात सुनील शेट्टीने रंगविलेला सीमा सुरक्षा दलाचा भैरोसिंग रणगाड्याशी झुंजताना देह ठेवतो. प्रत्यक्षातले नाईक भैरोसिंग राठोड त्या रात्री मशीनगन चालवून जगले, वाचले. त्यांना सेना पदक मिळाले आणि १९८७ साली ते निवृत्त झाले. चित्रपट आल्यानंतर पंचवीस वर्षे ते हयात होते. १९ डिसेंबर २०२२ रोजी जोधपूरला त्यांचे निधन झाले.

जिवंत माणसाला, त्याच्याच नावानिशी, आपल्या अश्रूंसाठी मारण्याचा अधिकार कलावंताला आहे काय? कोणी म्हणेल, तो भैरोसिंग सर्वच हुतात्म्यांचा प्रतिनिधी आहे. मग त्याला दुसरे नाव देता आले असते. अडचण नावाची नाहीच. जगलेल्या सैनिकाचे काय करावे, हे आपल्या युद्धपटाला कळत नाही. मेलेला सैनिक सोयीचा असतो. तो निवृत्तिवेतनाची थकबाकी मागत नाही. सरकारी नोकरीच्या काळात एका सहीसाठी तीन-तीन खेपा घालणारा माजी सैनिक आम्ही पाहिला आहे, आणि त्याच कचेरीतील मंडळी आदल्या रात्री युद्धपट पाहून डोळे पुसत घरी गेली होती.

दोष केवळ मुंबईच्या चित्रपटकारांवर टाकून आपली सुटका नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या काठी उभे राहून गोटमार पाहणारे आपण लोक. नदीतल्या पळसाच्या झेंड्यासाठी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात दगड चालतात, डोकी फुटतात, कधी जीवही जातो; काठावरचा जल्लोष काही उणावत नाही. टाके घातलेल्या माणसाच्या घरी तिसऱ्या दिवशी किती जण जातात, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

वेगळे चित्रपट निघालेच नाहीत, असेही नाही. चेतन आनंद यांचा १९६४ चा 'हकीकत' १९६२ च्या पराभवानंतर दोनच वर्षांत आला आणि थंडीने, उपासमारीने खचत माघार घेणारे जवान त्याने दाखवले. हरलेल्या सैनिकाची कथा तेव्हाच्या प्रेक्षकाने पाहिली. आजचा पाहील की नाही, कोण जाणे. आणि २०२४ साली 'चंदू चॅम्पियन' आला, तो आपल्या सांगलीकडील मुरलीकांत पेटकर यांच्यावर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे पडले. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळवले. पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडावे लागले. या चित्रपटात नायक मरत नाही. तो म्हातारा होतो आणि अर्जुन पुरस्कार मिळाला नाही म्हणून तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात जातो. प्रत्यक्षातल्या पेटकरांना तो पुरस्कार मिळाला जानेवारी २०२५ मध्ये, चित्रपट येऊन गेल्यानंतर.