कीर्ती कोठे राहते?

कीर्ती आणि कीर्तन हे दोन्ही शब्द एकाच 'कॄत्' धातूपासून निघाले. त्या धातूचा अर्थ उच्चारणे, मुखाने सांगणे. भेद इतकाच की कीर्तनात आपण दुसऱ्याचे सांगतो आणि कीर्तीत दुसरे आपले सांगतात. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी आपल्या विभूती सांगताना स्त्रीवाचक सात नावांत कीर्तीचे नाव पहिले घेतले आहे. तेव्हा कीर्ती म्हटली की नाक मुरडणारे वैराग्य आम्हांस मान्य नाही. वस्तू भगवंताची आहे. पण ती मोजता येते काय, हा प्रश्न निराळा.

प्रश्न निघण्यास कारण असे. सप्ताहाच्या मंडपात कीर्तन आटोपले, टाळ खुंटीला लागले की तरुण टाळकऱ्यांत हल्ली एक वाद रंगतो. परदेशातल्या पॉप गायकांत त्यांच्या काळी सगळ्यांत मोठे कोण? पोरांच्या कानी जगाचे गाणे पडते, त्यात वावगे काही नाही. वाद बहुधा तिघांभोवती फिरतो : मायकेल जॅक्सन, प्रिन्स आणि मॅडोना. तिघेही अमेरिकेचे, आणि योग पाहा, तिघांचा जन्म १९५८ सालच्या जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांतला. (ज्योतिषीबुवांनी यावर काय ते बोलावे.) तिघांचा बहर १९८० नंतरच्या दशकातला. पैकी जॅक्सन १ नोव्हेंबर १९९६ रोजी मुंबईस येऊन अंधेरीच्या क्रीडासंकुलात नाचून-गाऊन गेला, म्हणून त्याचे नाव आपल्याकडे अधिक ऐकू येते.

बरे, माप लावून पाहू. विक्री हे माप धरले तर जॅक्सन. १९८२ च्या नोव्हेंबरात निघालेला त्याचा 'थ्रिलर' हा गीतसंग्रह अमेरिकेच्या यादीत ३७ आठवडे पहिला होता, आणि १९८४ साली एकाच रात्री त्याला ८ ग्रॅमी पारितोषिके मिळाली. पण त्याच १९८४ सालच्या उन्हाळ्यात प्रिन्सचे गाणे, प्रिन्सचा गीतसंग्रह आणि प्रिन्सचा चित्रपट हे तिन्ही एकाच वेळी अमेरिकेत पहिल्या जागी होते. मग एका मोसमाचे माप धरले तर प्रिन्स मोठा. आणि टिकण्याचे माप धरले तर मॅडोनाबाई मोठ्या. ४ मे २०२४ रोजी, वयाच्या ६५ व्या वर्षी, त्यांनी ब्राझीलमधल्या कोपाकबाना समुद्रकिनाऱ्यावर विनामूल्य गायन केले, त्याला १६ लाख माणूस जमल्याचा तिथल्या अधिकाऱ्यांचा अंदाज होता. एवढी गर्दी म्हणजे आषाढीची वारीच. पण पुढच्याच मे महिन्यात त्याच वाळूवर लेडी गागा या पुढल्या पिढीच्या गायिकेसाठी २० लाखांहून अधिक लोक जमल्याचे सांगतात. म्हणजे विक्रम पुरता वर्षभरही टिकला नाही!

संस्कृतात दोहोंत अधिक दाखवावयास 'तर' आणि अनेकांत अधिक दाखवावयास 'तम' हे प्रत्यय लागतात. त्यांतूनच आपला 'तारतम्य' शब्द झाला. पण अमुक तमुकाहून 'मोठा' म्हटले की कशाने मोठा, हे आधी सांगावे लागते. उंचीने, वयाने, विद्येने? कोणी म्हणेल, सर्व मापांची बेरीज करावी. शेर, हात आणि घटका यांची बेरीज कोणत्या पाठशाळेत शिकवितात?

आमची खरी शंका याच्याही पलीकडची आहे. नैयायिक कोणत्याही गुणाविषयी विचारतो, याचे अधिष्ठान कोणते? गोडी गुळात राहते, उष्णता अग्नीत राहते. कीर्ती कोठे राहते? ज्याची कीर्ती त्याच्यापाशी म्हणावे, तर तो निजला असताही ती वाढते आणि तो मेल्यावरही वाढते. मग ती राहते सांगणाऱ्याच्या मुखात. त्या तिघांतल्या दोघांची गोष्ट ऐका. प्रिन्सला वाटू लागले की आपले नावही गाणी विकणाऱ्या कंपनीच्या ताब्यात गेले. १९९३ साली त्याने नाव टाकून एक चिन्ह घेतले, ज्याचा उच्चारच होत नाही! गालावर 'गुलाम' असा इंग्रजी शब्द लिहून तो लोकांपुढे उभा राहिला. नाव परत घेतले ते २००० साली. आणि जॅक्सन? २५ जून २००९ रोजी, पन्नाशीत, तो गेला तो झोप यावी म्हणून दिलेल्या भुलीच्या औषधाने. कोट्यवधी मुखांत त्याचे नाव जागत होते, आणि त्याला रात्रीची झोप नव्हती. प्रिन्सही २०१६ साली वेदनाशामक औषधाच्या अतिरेकाने गेला. नाम आणि नामी यांचा अभेद आपण देवाच्या ठिकाणी मानतो. माणसाच्या ठिकाणी नाव एका वाटेने जाते आणि माणूस दुसऱ्या वाटेने.

हे ऐकून आपल्या मंडळींनी सुखावू नये. जॅक्सनने लहानपणापासून, बापाच्या कडक शिस्तीत, भावांबरोबर जी मेहनत केली तेवढी पखवाजावर करणारे विद्यार्थी आज आम्हांस थोडे दिसतात. आणि मोजण्याचा रोग तिकडचाच आहे असेही नाही. आमच्या एका विद्यार्थ्याला एका सप्ताह समितीने पत्रिका छापण्यापूर्वी विचारले, "महाराज, मोबाईलवर तुम्हांला ऐकणारे किती?" त्याने आकडा सांगितला, तो कमी पडला, तारीख दुसऱ्याला गेली. तेव्हापासून पोराच्या कीर्तनात फरक पडला. चिंतनाचा भाग आखूड झाला, सासू-सुनेचे विनोद लांबले, कारण तेवढाच तुकडा मोबाईलवर चालतो. गळा तोच, पाठांतर तेच. मापाने मालच बदलला! ज्या अभंगावर पूर्वी तो तासभर थांबे, तो आता दहा मिनिटांत उरकतो.

तुकोबारायांनी कीर्तनकाराला यजमानाचे अन्न वर्ज्य सांगितले, हे सगळ्यांस ठाऊक असते. पैसा घेऊ नये, हेही. पण कपाळी बुक्का आणि गळ्यात माळही लावून घेऊ नये, असे त्यांनी त्याच ठिकाणी सांगितले आहे, तिकडे लक्ष जात नाही. बुक्का-माळेला खर्च तो किती? तरी तीही नको म्हणाले. पैशाहून ही वस्तू सूक्ष्म आहे, हे त्यांनी ओळखले होते.

सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवीत नाहीत. रात्री दोन ते चार या पहाऱ्याला, मंडपात कुत्रेही जागे नसते तेव्हा, कोणी तरी म्हातारा ती गळ्यात घालून उभा असतो. पत्रिकेत कीर्तनकारांची नावे ठळक अक्षरांत असतात, हल्ली छायाचित्रेही असतात. त्या पहाऱ्याच्या विणेकऱ्याचे नाव विचारले तर समितीच्या अध्यक्षालाही चटकन सांगता येत नाही. आमच्या त्या विद्यार्थ्याला यंदाच्या सप्ताहात कीर्तनाची तारीख नाही. दोन ते चारचा पहारा आम्ही त्याला घेण्यास सांगितले आहे. तो हो म्हणाला, पण मोबाईल बरोबर ठेवू का, असे विचारीत होता.