पालखीचा भोई आणि टपालाचा जासूद

उपजीविकेचें साधन निवडतांना मनुष्य बहुधा तीन गोष्टी पाहतो: प्राप्ति किती, प्रतिष्ठा किती व श्रम किती. या तिन्ही गोष्टींचा हिशेब मांडतां येतो, आणि घरांतील वडील मंडळी तो मुलाच्या वतीनें मोठ्या हौसेनें मांडीतही असतात. परंतु चौथी एक गोष्ट आहे, ती या हिशेबांत सहसा येत नाहीं. आपण ज्याचें काम करणार तो आपल्या समोर उभा असावा कीं नजरेआड असावा, हा तो प्रश्न होय. हा नीतिशास्त्राचा प्रश्न आहे असें प्रथमदर्शनीं वाटत नाहीं; तथापि माझ्या मतें तो पूर्णपणें त्याच शास्त्राच्या कक्षेंतील आहे, आणि हें दाखविण्यासाठीं मी मुद्दाम एक अगदीं आधुनिक व आपल्याकडील वाचकांस कांहींसें अपरिचित उदाहरण घेत आहें.

अमेरिकेंत वाढलेला, मराठी घरांतला एक तरुण, माझ्या एका जुन्या स्नेह्याचा मुलगा, विमानचालनाचीं सारीं प्रमाणपत्रें व पुरेसा अनुभव गांठीस बांधून आज दोन दारांपुढें उभा आहे. एक दार एका बड्या कंपनीच्या खासगी जेटचें, दुसरें मालवाहू एअरलाइनचें. उतारूंच्या विमानांचें तिसरें दार आहेच; पण तें त्यानें स्वतःच्या कांहीं कारणांनीं बाजूस ठेवलें आहे, म्हणून आपणही ठेवूं. त्याच्या मातोश्रींस दोन्हीं दारें सारखींच नापसंत आहेत. पहिल्यांत मुलगा शेठजींचा गाडीवान होतो, आणि दुसऱ्यांत हमाल होतो, असें त्यांचें म्हणणें.

कंपनीच्या जेटांत आसनें दहाबारा, उतारू बहुधा तीनचार, आणि चालक दोन. धनी म्हणेल त्या दिवशीं, म्हणेल त्या घटकेस निघावयाचें. न्यूयॉर्कजवळच्या टेटरबरोसारख्या विमानतळांवर अशा विमानांची सारखी रीघ असते. विमानविभाग लहान असेल तर चालकच पाहुण्यांच्या पेट्या चढवितो, खाण्याचे डबे आले कीं नाहींत तें पाहतो, आणि मंडळी उतरल्यावर आसनांवरचा चुराही झाडतो. यांत कमीपणा मानण्यासारखें मला कांहीं दिसत नाहीं. उलट, धनी त्यास नांवानें ओळखतो, मुलांच्या परीक्षांची चौकशी करतो, दिवाळी-नाताळास आठवण ठेवतो. हें जुन्या राजाश्रयाचेंच आजचें रूप होय, आणि राजाश्रयाची सरसकट निंदा करण्याची जी प्रथा पडली आहे ती मला मान्य नाहीं. अल्लादियाखांसाहेबांसारख्या गवयास कोल्हापुरांत शाहू महाराजांच्या पदरीं जें स्वास्थ्य लाभलें, तें तिकीट काढून येणाऱ्या श्रोत्यांनीं त्या काळीं दिलें असतें असें म्हणवत नाहीं. जाणत्या धन्याची एक मान डोलली तर ती हजार अनोळखी टाळ्यांहून मोलाची असूं शकते.

परंतु धन्याच्या आग्रहानें गवयानें भलताच राग धरला तर फार तर एक मैफल बिघडते. वैमानिकाचें तसें नाहीं. ता. २९ मार्च २००१ रोजीं लॉस एंजेलिसहून कोलोरॅडोंतील आस्पेन या डोंगरांतल्या गांवीं जाण्यास एक भाड्याचें गल्फस्ट्रीम जेट निघालें. मंडळी उशिरा आल्यामुळें निघण्यासच विलंब झाला. आस्पेनला रात्रीं उतरण्यावर निर्बंध होते. दिवस मावळलेला, हवेंत हिमवर्षाव, भोंवतीं डोंगर. वेळ पडल्यास विमान दुसऱ्या गांवीं उतरवावें लागेल, ही कल्पना ज्या गृहस्थानें विमान ठरविलें होतें त्यास मुळींच रुचली नाहीं, आणि त्याची ती नाराजी कप्तानाच्या कानापर्यंत पोंचली. विमान धांवपट्टीच्या अलीकडेच जमिनीवर आदळलें. आंतील अठराही माणसें मरण पावलीं. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळानें चौकशीअंतीं ज्या गोष्टींचा या अपघातास हातभार लागला म्हणून नोंद केली, त्यांत गिऱ्हाइकाकडून कप्तानावर आलेल्या दडपणाचा स्पष्ट उल्लेख आहे.

दडपण हा सरकारी अहवालाचा शब्द झाला. आपल्या भाषेंत त्याहून नेमका शब्द आहे, आणि तो म्हणजे भीड. दडपण शत्रूही आणूं शकतो. भीड मात्र परिचिताचीच पडते. ज्याचें मीठ खाल्लें, ज्यानें काल आपल्या मुलीच्या आजाराची विचारपूस केली, तो मागच्या आसनावर बसून घड्याळ पाहूं लागला म्हणजे "आज उतरतां येणार नाहीं" हें वाक्य ओठांवर येण्यास जें बळ लागतें, तें कोणत्याही विमानविद्येच्या पाठशाळेंत मिळत नाहीं. भीड ही भिकेची बहीण असें आपले वाडवडील म्हणत आले. येथें तिचें नातें त्याहून भयंकर गोष्टीशीं आहे. आणि लक्षांत घेण्यासारखें हें कीं, भीड हा दुर्गुणी माणसाचा दोष नव्हे. निर्लज्जास ती कधींच पडत नाहीं. ज्याचें मन कृतज्ञ व मृदु, त्यालाच ती पडते.

परिचयाचा दुसराही एक धोका आहे. ता. ३१ मे २०१४ रोजीं मॅसॅच्युसेट्समधील बेडफर्ड येथें एक खासगी गल्फस्ट्रीम उड्डाण करतांना धांवपट्टीपलीकडे जाऊन जळालें व सात माणसें दगावलीं. विमान उभें असतां त्याचे कर्णादि भाग वाऱ्यानें हलूं नयेत म्हणून लावलेली अडसर काढावयाचीच राहून गेली होती. चौकशींत असें आढळलें कीं, या दोघां चालकांनीं मागील १७५ उड्डाणांपैकीं शेंकडा ९८ वेळां उड्डाणापूर्वींची ती तपासणी पुरी केलीच नव्हती. दोघेही अनुभवी, दोघेही एकमेकांच्या पूर्ण परिचयाचे. एकानें दुसऱ्यास विचारावें, असें तिसरें कोणी नव्हतें.

आश्रयदात्याचें दैव फिरलें म्हणजे आश्रिताचेंही फिरतें, हें तर जुनेंच आहे. नोव्हेंबर २००८ मध्यें डेट्रॉइटच्या तिन्ही मोटार कंपन्यांचे प्रमुख सरकारकडे द्रव्यसाहाय्य मागण्यास आपापल्या जेटांतून वॉशिंग्टनला गेले, आणि देशभर गिल्ला झाला. त्यानंतर त्या विमानांची छाटणी झाली. चालकांच्या कौशल्याचा त्यांत काडीचाही संबंध नव्हता.

आतां दुसरें दार. मातोश्रींच्या समाधानार्थ प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, हमालीचा हा वंश बराच कुलीन आहे. ता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गें जुहूच्या मैदानावर उतरले, तेव्हां त्यांच्या चिमुकल्या पुस मॉथ विमानांत उतारू कोणी नव्हता. टपालाच्या थैल्या होत्या. लिंडबर्ग हा अटलांटिक ओलांडण्यापूर्वीं, १९२६ सालीं, सेंट लुई व शिकागो यांच्या दरम्यान टपालच नेत होता. आणि एप्रिल १९७३ मध्यें फेडरल एक्सप्रेसनें मेंफिसहून पहिल्या रात्रीं चौदा लहान जेटें सोडलीं, तेव्हां पंचवीस शहरांसाठीं मिळून अवघीं १८६ पुडकीं होतीं. आज मेंफिस व लुईव्हिल या गांवीं मध्यरात्रीं दिशादिशांहून विमानें उतरतात, माल निवडला जातो, आणि पहांटेच्या आंत बहुतेक विमानें पुन्हां उडालेलीं असतात.

या कामांत चालकास धनी दिसत नाहीं. पेशवाईंतला जासूद लखोटा घेऊन धांवे, त्यांत काय आहे हें त्यास ठाऊक नसे; तसेंच हें. डिसेंबर २०२० मध्यें महामारीवरील लसीच्या पहिल्या पेट्या मिशिगनहून याच विमानांनीं देशभर नेल्या. एरवीं कोणाचे जोडे, कोणाची औषधें, कोणाचीं यंत्रें. आभार मानावयास कोणी येत नाहीं. यास लगेच निष्काम कर्म म्हणण्याची मात्र घाई करूं नये. मोठ्या मालवाहू एअरलाइनच्या ज्येष्ठ कप्तानाचें वेतन त्या देशांतील उत्तम वेतनांपैकीं आहे. बढतीही कोणाच्या मर्जीवर नाहीं. नोकरींत शिरल्याच्या तारखेनें जो क्रमांक मिळतो, त्यावर विमान, मार्ग, सुटी सर्व ठरतें. कप्तान "नाहीं" म्हणाला तर तें "नाहीं" एका चेहऱ्यावर आदळत नाहीं, नियमाच्या पुस्तकांत जाऊन पडतें. भिडस्त माणसास हा केवढा आधार आहे, हें भिडस्त माणूसच जाणे.

पण चेहरा नसण्याचीही किंमत असते, आणि ती शरीरास द्यावी लागते. २००९ मध्यें बफेलोजवळ एका उतारू विमानास अपघात झाल्यावर अमेरिकेंत चालकांच्या विश्रांतीचे नवे नियम झाले व ते जानेवारी २०१४ पासून अमलांत आले. त्यांतून मालवाहू विमानांचे चालक वगळले गेले. त्यांस लागूं केल्यास जो खर्च येईल त्या मानानें लाभ थोडा, असा हिशेब त्यामागें होता. म्हणजे रात्रभर जागणाराचीच झोंप गणतींतून गळाली, कारण त्याच्या मागें दोनशें आसनें नव्हतीं. ऑगस्ट २०१३ मध्यें लुईव्हिलहून निघालेलें एक मालवाहू विमान पहांटेपूर्वीं अलाबामांतील बर्मिंगहॅमजवळ पडलें व दोघेही चालक मरण पावले. उतरण्यांतील चुकांबरोबर थकव्याचीही नोंद चौकशींत झाली. त्याच विमानांतील ध्वनिमुद्रणावर, मालवाहू चालकांस विश्रांतीच्या नियमांतून वगळल्याबद्दल त्या दोघांनीं केलेली चर्चा आढळली. खर्च व लाभ यांचा असा ताळा मांडणें सरकारास अपरिहार्य असेल. परंतु दोन माणसांचा जीव दोनशें जिवांहून संख्येनें कमी, एवढेंच त्यावरून सिद्ध होतें. त्या दोघांस झोंप कमी लागते असें सिद्ध होत नाहीं.

तेव्हां निवड आहे ती सुख व कष्ट यांत नव्हे. एके ठिकाणीं निर्णयबुद्धीस धोका, दुसरीकडे देहास. माझा कल देहास धोका पत्करण्याकडे आहे, आणि त्याचें कारण इतकेंच कीं, थकलेलें शरीर निदान आपण थकलों हें बऱ्याच वेळां कळवितें. भिडेनें वांकलेली बुद्धि आपण वांकलों असें कधींच कळवीत नाहीं. ती त्यास सौजन्य म्हणते. अर्थात् ज्याचा स्वभाव मुळांतच रोखठोक आहे, त्यानें खुशाल शेठजींच्या विमानावर जावें. त्याच्या हातीं शेठजीही सुरक्षित राहतील. वयाचा मुद्दाही त्याच्याच बाजूचा आहे: एअरलाइनच्या चालकास पासष्टाव्या वर्षीं थांबावें लागतें, कंपनीनें स्वतःच्या कामास ठेवलेल्या विमानाच्या चालकास कायद्यानें तशी मर्यादा नाहीं.

आमच्या या तरुणाचा पिता मात्र मला चाळीस वर्षें ठाऊक आहे. दारीं आलेल्या विक्रेत्यास त्यानें कधीं रिकाम्या हातीं परत पाठविलें नाहीं, व मुलगा त्याच्याच वळणावर गेला आहे. म्हणून मीं त्यास लिहिलें आहे कीं, मालवाहू एअरलाइनकडे चौकशी करतांना पगाराआधीं एवढें विचार: दिवसां निजावयास अंधारी, शांत खोली मिळते काय, आणि थकव्यामुळें उड्डाण नाकारलें तर पगार कापतात काय. आणि तरीही जेटकडेच मन ओढत असेल, तर तेथील वृद्ध कप्तानास एकटें गांठून विचार कीं, मागील वर्षीं त्यानें धन्यास किती वेळां "नाहीं" म्हटलें, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं धनी त्याच्याशीं काय बोलला.